कोंबडीचा भाव आणि आपण दिलेला शब्द

(महासंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं. ज्या गटांना त्या दिवशी डहाणू रोडला पोहोचता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत.)



आज माझ्या वाट्याला कोंबडी आली आहे. ताटात नाही, बोलण्यात. मी माळकरी घरातली, हे तुम्हाला माहीत आहे. पाड्यावर जेवायला बसले की तुम्ही माझ्यासाठी वेगळं वरण काढून ठेवता. त्यामुळे कोंबडी कशी लागते ते मी सांगणार नाही. ती वाढवायला किती पडतं, विकताना आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो आणि आपण सांगतो ते खरं असतं का, एवढंच बोलणार आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. बऱ्याच जणींना अर्धी गोष्ट कळली आहे, आणि अर्धी गोष्ट पाड्यापाड्यावर भलतीकडेच जाते.

दिवाळीनंतर मी मोबाइलवर एक जाहिरात बनवली. कोंबड्याचा छान फोटो, मागे हिरवं शेत, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आदिवासी महिला गटांची शंभर टक्के सेंद्रिय गावठी कोंबडी’. ‘सेंद्रिय’ हा शब्द मी का लिहिला? कारण तो चांगला दिसतो. सगळेच लिहितात. लिहिण्याआधी मी एकीलाही विचारलं नाही.

जाहिरात फिरत फिरत डहाणू गावातल्या एका शिक्षिकेकडे गेली. सगळे त्यांना आपा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, हलाल पद्धतीने कापलेली सेंद्रिय कोंबडी मुंबईत फार महाग मिळते, आणि तीही फ्रीजरमधली. तुमच्याकडे खरंच असेल तर मला दर पंधरा दिवसांनी २५ द्या. माझ्या घरी, मीरा रोडला बहिणीकडे आणि आणखी चार नातेवाइकांकडे जातील. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे माल पोहोचवायची अडचण नव्हती. पंधरा दिवसांना २५ म्हणजे महिन्याला ५०. एवढी ऑर्डर आपल्याला कधी मिळाली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने.

आपा म्हणाल्या, आधी कोंबड्या बघते. त्या आल्या, अंगणात बसल्या, कोरा चहा घेतला आणि घरच्या ताईंना विचारायला लागल्या. कोंबड्या काय खातात? ताई म्हणाल्या, कोंडा, कणी, रेशनचा तांदूळ, उरलेली भाकर, बाकी ती आपलं आपण उकरून खाते. आजारी पडल्या तर? ताई उठल्या, कुडात खोचलेलं एक पिवळं पाकीट काढून आपांच्या हातात दिलं. ‘पिल्लं पांढरी हगायला लागली की चिमूटभर पाण्यात टाकते.’ पाकिटावर टेट्रासायक्लिन लिहिलेलं होतं. म्हणजे अँटिबायोटिक. घरामागे दुसऱ्याची चिकूची वाडी, तिथे बी पोखरणाऱ्या अळीसाठी त्याच आठवड्यात फवारणी झालेली, आणि कोंबड्या त्याच झाडांखाली पाला उकरत होत्या.

आपांनी पाकीट वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘बेटा, यात सेंद्रिय काय आहे?’

मी म्हटलं, गावठी आहे ना.

‘गावठी आहे ते मला दिसतंय. तू सेंद्रिय लिहिलंस.’

त्या रागावल्या नाहीत. ऑर्डर थांबवली एवढंच. बैठकीत कोणीतरी म्हणालं की त्या ताईंनी पाकीट दाखवायला नको होतं. तसं पुन्हा कोणी म्हणू नका. विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. खोटं त्या जाहिरातीत होतं, आणि ती जाहिरात माझी होती.

त्यानंतर मी बसून वाचलं, पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारलं. आधी करायला हवं होतं ते नंतर केलं.

‘सेंद्रिय’ म्हणजे नुसतं जुन्या पद्धतीचं नाही. त्याला सरकारचे नियम आहेत. केंद्र सरकारचा सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे. २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नासाठी वेगळे नियम आले आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह आलं. या नियमांप्रमाणे जनावराला दिलेलं धान्यही सेंद्रिय असावं लागतं. आपण रेशनचा तांदूळ टाकतो. तो कोणत्या राज्यातल्या शेतातून आला आणि त्यावर काय मारलं होतं, हे तुम्हाला-मला काय माहीत? म्हणजे पहिल्याच पायरीवर आपण अडकतो. वर्षाला १२ लाखांच्या आत विक्री असलेल्या लहान उत्पादकांना थेट गिऱ्हाइकाला विकताना प्रमाणपत्राची सूट आहे. मला ते कळल्यावर वाटलं, सुटलो! पण सूट कागदाची आहे, खरेपणाची नाही.

लसीबद्दल एक गैरसमज काढून टाका. एका मावशीने मला विचारलं, सेंद्रिय करायचं तर लस बंद करायची का? नाही, अजिबात नाही. रोगाची भीती असलेल्या भागात लस द्यायला सेंद्रियच्या नियमात परवानगी आहे. आजारी जनावराला औषधही द्यायचंच, फक्त मग ते विकायला नेहमीपेक्षा दुप्पट दिवस थांबायचं. सेंद्रियच्या नावाखाली तडफडणाऱ्या पिल्लाला तसंच ठेवणं हे कुठल्याच नियमात बसत नाही. आपली चूक औषध देण्यात नव्हती. कधी दिलं, किती दिलं, ते लिहिलं नाही आणि पुढच्याच बाजारात कोंबडी विकली, ही चूक होती. अँटिबायोटिक उगाच वापरलं की जंतू त्याला सरावतात, आणि मग माणसाला तेच औषध लागू पडत नाही. कोलिस्टिन नावाचं औषध याच कारणाने २०१९ मध्ये सरकारने कोंबड्या-जनावरांसाठी बंद केलं, कारण माणसाच्या डॉक्टरकडे शेवटचं म्हणून ठेवलेलं ते औषध कोंबडीच्या खाद्यात चाललं होतं.

सेंद्रियचा एक रस्ता आपल्यासाठी पुढे उघडू शकतो, तो सांगून ठेवते. पीजीएस म्हणून सरकारची पद्धत आहे. त्यात बाहेरची कंपनी येऊन प्रमाणपत्र देत नाही. एका गावातले, आजूबाजूचे किमान पाच शेतकरी गट करतात, शपथ घेतात, एकमेकांची शेतं आणि जनावरं तपासतात आणि एकमेकांची हमी घेतात. ऐकल्यावर मला हसूच आलं. हा तर बचत गट झाला! एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात जाऊन बसतात, ते आपल्याला शिकवायला नको. पण त्यासाठी आधी शेत सुधारावं लागेल, खाद्य घरचं लागेल. आजचं काम नाही ते.

आता हलाल.

दोन गोष्टी आपण एकत्र करत होतो. सेंद्रिय म्हणजे काय खाऊ घातलं, काय औषध दिलं. हलाल म्हणजे खायला चालतं की नाही, आणि ते कापलं कसं. सेंद्रिय नसलेली कोंबडी हलाल असू शकते. नव्याण्णव घरांत तीच खातात. आपांसारखी काही माणसं म्हणतात की आमच्या धर्मात अन्न हलालही असावं आणि चांगलं, स्वच्छही असावं. आयुष्यभर पंख पसरायला जागा न मिळालेली कोंबडी मला चांगली वाटत नाही. त्यांच्या शब्दात, ‘कापताना बिस्मिल्ला म्हटलं आणि त्याआधी तिचे हाल केले, तर मन खातं.’

कापायची पद्धत त्यांनी मला नीट समजावली. कोंबडी जिवंत आणि धडधाकट हवी. कापणारा मुसलमान हवा, त्याने अल्लाचं नाव घ्यायचं. सुरी धारदार हवी, आणि ती कोंबडीसमोर पाजवायची नाही. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. श्वासनळी, अन्ननळी आणि मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या एका दमात कापायच्या, रक्त पूर्ण वाहू द्यायचं. ती पूर्ण शांत होईपर्यंत गरम पाण्यात टाकायची नाही. मोठ्या कारखान्यात मशीनने कापलेलं हलाल धरायचं की नाही, यावर त्यांच्यातच दोन मतं आहेत.

हे ऐकलं आणि वाटलं की बघितल्याशिवाय बोलू नये. म्हणून मी दोन ठिकाणी जाऊन उभी राहिले. एक जागा रविवारी सकाळची, गर्दीची. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या डोळ्यांसमोरच सगळं चाललं होतं, आणि फडफड थांबायच्या आत कोंबडी ड्रममध्ये. दुसऱ्या ठिकाणी एक म्हातारे चाचा होते. त्यांनी एकेक कोंबडी पडद्यामागे नेली, हातात धरली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. किती वेळ लागतो म्हणून मी घड्याळ लावलं होतं, पण बघायचं विसरले. बाहेर येऊन मी पायरीवर बसले. चाचांनी पाणी दिलं, म्हणाले, पहिल्यांदा बघितलं की सगळ्यांना असंच होतं, नाही झालं तर चिंता करायची. दोन्ही ठिकाणच्या मांसाला लोक हलालच म्हणतात. फरक तुम्ही ओळखा.

आपल्यातल्या एकीने बैठकीत विचारलं होतं की आपण त्यांच्या पद्धतीने का कापून द्यायचं? प्रश्न सरळ होता, म्हणून सरळ उत्तर देते. मार्च २०२५ मध्ये राज्यात झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र निघालं, टीव्हीवर महिनाभर भांडणं झाली, ती सगळ्यांनी बघितली. ज्याला जसं खायचं त्याने तसं खावं. आपण कोंबडी जिवंत विकतो. कापणार आपांचे चाचा. आपल्याला हलालचा शिक्का मारता येत नाही आणि मारायचाही नाही. (कापून, पिशवीत भरून विकायचं ठरवलं तर अन्न परवान्याची नोंदणी लागेल, बर्फ लागेल, जागा लागेल. त्यात आत्ता पडायला नको.) आणि हे काही आपल्याकडे नवीन नाही. घाटावर, माझ्या आजोळी, जत्रेतलं बकरं कापायला मुलाणी लागायचा. मराठ्यांची जत्रा, हिंदूंचा देव, आणि सुरी मुलाण्याच्या हातात. जुन्या बलुतेदारीत त्याचा तो मान होता. तुमच्याकडेही भगत देवाचं नाव घेतल्याशिवाय कोंबड्याला सुरी लावत नाही. जीव घेताना काहीतरी म्हणावं, हे सगळ्यांनाच वाटतं.

आपल्या हातात जे आहे ते कापायच्या आधीचं. आणि तिथे आपण कमी पडतो. पाय बांधून, उलट्या लटकवून, मोटारसायकलच्या हँडलला चार कोंबड्या अडकवून आपण बाजारात आणतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला त्रास होईल असं नेणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मागच्या उन्हाळ्यात काय झालं आठवा. तलासरीहून येताना दोन कोंबड्या वाटेत मेल्या, आणि जीपमध्ये कोणीतरी म्हणालं, अजून गरम आहेत, पटकन कापून टाका, कोणाला कळतंय? मेलेलं जनावर त्यांच्यात पूर्ण हराम आहे. धर्म सोडा, मेलेली कोंबडी आपण आपल्या पोराला घालू का? त्या दोन कोंबड्या पुरल्या, आणि ते बरोबर केलं. आता डाल्यात बसवून, वर ओलं गोणपाट टाकून, सकाळच्या पहिल्या जीपने आणायच्या.

एक गोष्ट आपांनी सांगितली ती मला नवीन होती. कोंबडी उकिरड्यावर घाण खाणारी असेल तर त्यांच्याकडे जुनी रीत आहे की कापायच्या आधी तिला तीन दिवस कोंडून स्वच्छ धान्य खाऊ घालायचं. आपली गावठी उकिरड्यावरच तर जाते! आपण त्याला ‘मोकळं वाढलेली’ म्हणून मिरवतो, आणि त्यांना नेमकी तिथेच शंका. तीन दिवस कोंडायला आपल्याला काय जातं? थोडी कणी. ते मी कबूल करून आले.

आता पैशाचं. फळ्यावर आपण मांडलं होतं तेच इथे लिहिते. कोंबडीखाली १२ अंडी ठेवली. २१ दिवसांनी धरून चालू १० पिल्लं निघाली. घार, मुंगूस, मांजर, रोग यातून सहा महिन्यांची होईपर्यंत ६ राहिली. बाजारात १२ अंडी १० रुपयांप्रमाणे १२० रुपयांना गेली असती, म्हणजे प्रत्येक कोंबडीमागे २० रुपये. बाहेर उकरून खाते त्याशिवाय आपण दिवसाला सरासरी ४० ग्रॅम दाणे टाकले, तर १८० दिवसांत ७ किलो २०० ग्रॅम. कणी २५ रुपये किलो धरली तर १८० रुपये. मेलेल्या चार पिल्लांनी खाल्लेलं या सहांवर वाटलं, २७ रुपये. लस आणि जंताचं औषध १० रुपये. खुराडं १५०० रुपयांचं, तीन वर्षं टिकलं, वर्षाला १२ कोंबड्या, म्हणजे ४० रुपये धरा. झाले २७७.

इथे बहुतेक जणी थांबल्या आणि म्हणाल्या, बघा, ४५० ला विकतो, पावणेदोनशे सुटतात.

आणि तुमचं काम? तेव्हा एक काकू म्हणाल्या, कोंबडीचं कसलं काम, येता-जाता होतं. अहो, येता-जाता म्हणजे येतं-जातं कोण? सकाळी खुराडं उघडणं, झाडणं, पाणी, दाणे, घार आली की ओरडत धावणं, संध्याकाळी मोजून आत घेणं, एक कमी भरली की बॅटरी घेऊन शोधणं. दिवसाला २० मिनिटं धरली तरी १८० दिवसांचे ६० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवस. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती, आपण सोप्या हिशेबाला ३०० धरू. २२५० रुपये, सहा कोंबड्यांवर वाटले तर प्रत्येकी ३७५. जीपचे १०. एकूण ६६२ रुपये.

म्हणजे ४५० ला विकतो तेव्हा प्रत्येक कोंबडीमागे २१२ रुपयांची आपली मजुरी आपण गिऱ्हाइकाला फुकट देतो. फळ्यावर हा आकडा लिहिला तेव्हा खोलीत कोणी बोललं नव्हतं.

ब्रॉयलर स्वस्त का, तेही नीट कळू द्या. ती पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास होते. आपली सहा महिन्यांत सव्वा किलो, आणि कापल्यावर मांस आठशे-साडेआठशे ग्रॅम. ब्रॉयलर लवकर वाढते ती जातीमुळे आणि खाद्यामुळे. तिला हार्मोनची इंजेक्शनं देतात असं आपणही गिऱ्हाइकाला सांगतो. मीही सांगत होते. ते खरं नाही. हजारो कोंबड्यांना रोज सुई टोचत कोण बसणार? तेव्हा ते सांगणं बंद करा. दुसऱ्याच्या मालाबद्दल खोटी भीती घालून आपला माल विकायचा नाही.

शिवाय ब्रॉयलर खाणारी माणसंही आपलीच आहेत. डहाणूच्या गटातल्या एका खालांनी मला ऐकवलं, ‘साडेसहाशेची कोंबडी आमच्या सहा माणसांना एक वेळ पुरत नाही. आम्ही दोन किलोची ब्रॉयलरच आणणार. मग काय आमचं हलाल तुझ्या आपांच्या हलालपेक्षा कमी?’ कमी नाहीच. पैसेवाल्याने महाग कोंबडी खाल्ली म्हणून तो जास्त धार्मिक होत नाही. आपाही असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, आम्ही आठवड्यातून तीनदा खायचो, आता एकदा खाऊ, पण बघून खाऊ. त्यांना ते जमतं. खालांना पोरांच्या ताटात काय पडेल ते बघावं लागतं. दोघींचं ऐकून मला काही निवाडा देता आला नाही, आणि तो द्यायचं माझं कामही नाही. माझं काम तुमची मजुरी भावात धरायची.

आता खरी अडचण. महिन्याला ५० कोंबड्या आपल्याकडे आहेत का? या कामात ६० घरं आहेत. एका घरातून वर्षाला दोन खेपांच्या मिळून १२ धरल्या तर ७२०, म्हणजे महिन्याला ६०. कागदावर जमतं. पण देवाला लागतात, पाहुण्याला लागतात, बाळंतिणीला लागतात, पावसाळ्यात मर होते. निम्म्याच विकायला राहतात. महिन्याला ३०, पंधरवड्याला १५. वरच्या १० कुठून आणायच्या?

त्याचं उत्तर घेऊन एक व्यापारी आला होता. त्याच्याकडे शेडमध्ये वाढवलेल्या रंगीत, सुधारित जातीच्या कोंबड्या आहेत. लाल पिसं, लाल तुरा, दिसायला गावठीसारख्या, आणि आपल्या खर्चाच्या निम्म्याहून कमी भावात. म्हणाला, मॅडम, दहा मिसळा, कोण ओळखतंय? बाजारात ‘गावरान’ म्हणून असाच माल जातो, तुम्हालाही माहीत आहे. सुधारित जात वाईट नाही. वनराज, गिरिराज आपल्याही काही घरांत आहेत, अंडी जास्त देतात. पण ती विकायची तर त्याच नावाने विकायची. आपांनी कदाचित ओळखलं नसतं. मी खोटं सांगत नाही, दोन दिवस मीही विचार केला. ऑर्डर गेली तर तुमच्याकडे कुठल्या तोंडाने येणार, असं वाटत होतं. मग ते पाकीट काढून देणाऱ्या ताई आठवल्या.

आणखी एक. सगळ्या कोंबड्या, सगळी अंडी विकून टाकू नका. अंगणवाडीत अमृत आहारातून पोरांना अंडी मिळतात म्हणून घरची सगळी बाजारात न्यायची, असं काही घरांत चाललंय. घरातलं अंडं आधी घरातल्या लहान पोराला, गरोदर बाईला. ऑर्डरमुळे पोराच्या ताटातलं अंडं जात असेल तर ती ऑर्डर आपल्याला नको.

बकरी ईदच्या बोकडांबद्दल सविस्तर पुढे कधीतरी बोलेन, आत्ता दोनच वाक्यं. कुर्बानीला बोकड वर्षाचा पूर्ण लागतो आणि लंगडा, आंधळा, कान कापलेला चालत नाही, तेव्हा बोकडाला जपा आणि जन्माची तारीख लिहून ठेवा. आणि वजनाच्या आदल्या दिवशी मीठ-पाणी पाजून पोट फुगवायचा प्रकार आपल्या एकाही गटात मला ऐकू यायला नको.

तर मी परत आपांकडे गेले. सांगितलं, सेंद्रिय शब्द मी काढला आहे. आमची कोंबडी परसातली गावठी आहे, लस दिलेली आहे, औषध दिलं असेल तर तारीख लिहिलेली असेल आणि तेवढे दिवस थांबूनच विकू. घरचा, रेशनचा दाणा खाते. तीन दिवस कोंडून देऊ. पंधरा दिवसांना १५ च मिळतील, भर पावसात कदाचित एकही नाही. भाव ६५०. खर्चापेक्षा १२ रुपये कमीच सांगितला, घासाघीस नको म्हणून.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘१५ चालतील. पण मला ती वही बघायची आहे.’

वही अजून कोणाकडेच नाही! म्हणून हे सगळं सांगितलं.

प्रत्येक घराला एक वही. पिल्लं निघाली ती तारीख, लसीची तारीख, औषधाचं नाव आणि तारीख, विकली ती तारीख. लिहिता येत नसेल तर खुणा करा. लसीला टिकली, औषधाला फुली. पोरांकडून तारीख घालून घ्या. लासोटाची लस पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून द्यायची, पुढची डोस पशुसखी ताई सांगतील. लसीची बाटली १०० पिल्लांची असते, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी कोणी एकटीने फोडायची नाही. शेजारच्या पाड्यांनी मिळून एक सकाळ ठरवा. राणीखेत आली, पिल्लांच्या माना वाकड्या झाल्या, की मग लस देऊन उपयोग नसतो.

पुढच्या बैठकीला पशुसखी ताई आणि मी वह्या घेऊन येतो. ज्यांच्या कुडात ते पिवळं पाकीट खोचलेलं आहे त्यांनी ते फेकून देऊ नका, बरोबर आणा. कोणाला ओरडायचं नाही. त्यावरचं नाव आणि तारीख वहीत कशी उतरवायची, ते त्याच पाकिटावर शिकू.